दुसऱ्या गोलकीपरची जागा

रांगेत सुजयचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या माणसानं यादीत त्याचं नाव शोधलं, त्यापुढे बरोबरची खूण केली आणि खालच्या पेटीतून गोलकीपरचे हातमोजे काढून त्याच्यासमोर ठेवले. हे मागच्या मुलाचे असतील असं वाटून सुजय थोडा बाजूला सरला. मागचा मुलगा वाकून बुटांच्या नाड्या आवळत होता आणि टेबलामागचा माणूस पेन हवेत धरून सुजयकडेच पाहत होता. "ले भिया, तेरे हैं. ग्राउंड वन, दूसरा मैच," तो म्हणाला. हातमोजे हिरवे होते, कोणीतरी आधी वापरलेले, आतून अजून ओलसर. सुजयनं ते उचलले. कोणी हातात वस्तू दिली की ती घ्यायची ही त्याची जुनी खोड होती. राजवाड्यापाशी वाटतात ते जाहिरातीचे कागदसुद्धा तो घेऊन घरी आणत असे. हातमोजे घेऊन चार पावलं पुढे गेल्यावर मग तो थांबला. तो डाव्या बाजूला खेळायचा, अगदी पुढे, चुन्याच्या रेषेला धरून. गोलमध्ये तो उभ्या जन्मात उभा राहिला नव्हता. लहानपणी चिमणबागेच्या मैदानावरसुद्धा नाही, जिथे जो जाड असेल किंवा जो उशिरा येईल त्याला गोलमध्ये ढकलायची पद्धत होती. सुजय काडीसारखा होता आणि सगळ्यांच्या आधी यायचा.

क्लब नवा होता. पुढच्या मोसमात देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरायचं म्हणून त्यांनी शहरोशहरी चाचण्या लावल्या होत्या, आणि इंदूरची चाचणी राऊच्या पुढे एका कॉलेजच्या मैदानावर होती. वय तेवीसच्या आत हवं, एवढी एकच अट. सुजय ऑक्टोबरमध्ये तेवीस पूर्ण करणार होता आणि हा जानेवारी होता. म्हणजे ही त्याची पहिली चाचणी आणि हीच शेवटची. दवा बाजारात तो ज्यांच्याकडे बिलं करायचा त्या शेठना त्यानं पोट बिघडल्याचं सांगितलं होतं. घरी तो एवढंच म्हणाला होता की जाऊन बघतो, आपलं काय जातं. पण गेले दोन महिने त्यानं तळलेलं तोंडात घातलं नव्हतं, आणि इंदुरात माणसानं कचोरी सोडली की लोक घरी येऊन तब्येतीची चौकशी करतात. पहाटे उठून तो रेल्वे स्टेशनाकडून चिमणबागेपर्यंत धावत जायचा, आणि धावताना त्याला क्लबाच्या शर्टावर पाठीमागे स्वतःचं आडनाव दिसायचं. मोघे. फुटबॉलच्या शर्टावर ते आडनाव जरा हास्यास्पद दिसत होतं हे त्यालाही कळत होतं, तरी ते दिसायचं.

तो टेबलाकडे परतला. रांग मोडून आला म्हणून दोघंतिघं पुटपुटले. काहीतरी चुकलंय, मी गोलकीपर नाही, असं त्यानं हळूच सांगितलं. टेबलामागच्या माणसानं कंटाळा न करता गठ्ठ्यातून त्याचा अर्ज काढला. सुजयला बाबांचं अक्षर दिसलं, निळ्या शाईतलं, एकही काटछाट नसलेलं, आणि त्याच्या मागे टाचलेला एक कागद. कागदावर एका कॉलेजचं नाव होतं, गोल शिक्का होता, आणि हिंदीत लिहिलं होतं की श्री सुजय दिवाकर मोघे हे सलग तीन वर्षं महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात द्वितीय गोलकीपर होते. "सर्टिफिकेट तो यही बोल रहा है," माणूस म्हणाला. "सर्टिफिकेट गलत है क्या?" त्यानं हे साध्या आवाजात विचारलं, दुकानदार सुटे आहेत का विचारतो तसं. पण शिक्क्याच्या खाली कॉलेजचा फोन नंबर छापलेला होता आणि माणसाचा मोबाइल टेबलावरच पडला होता. सुजयनं एकदा त्या मोबाइलकडे पाहिलं. तो म्हणाला, नहीं, सही है. मग तो रांगेतून बाहेर आला, आणि हे वाक्य आपण बोललो की दुसरं कोणी, हे त्याला नीट ठरवता येईना.

सर्टिफिकेट येणार आहे हे त्याला माहीत होतं. इथे त्याला काखा वर करता येत नव्हत्या. मोघ्यांच्या घरात अर्ज बाबा भरत. पणजोबा होळकर दरबाराच्या दप्तरात होते, आजोबा मध्य भारताच्या दप्तरात, आणि बाबा एका सरकारी खात्यात अडतीस वर्षं नोकरी करून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले. तीन पिढ्या कागदावर जगलेलं घर. स्नेहलतागंजातल्या त्यांच्या गल्लीत कोणाचं पेन्शन अडलं, कोणाचा गॅस अडला, की माणसं बाबांकडे यायची, आणि बाबा चष्मा पुसून, खाली जुनं मासिक ठेवून, एकेक रकाना भरायचे. रकाना रिकामा सोडायचा नाही हा त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम. रिकामा रकाना दिसला की साहेबाला शंका येते, शंका आली की फाइल बाजूला पडते, आणि बाजूला पडलेली फाइल वर कशी येते हे त्यांनी अडतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. क्लबाच्या अर्जात एक रकाना होता: यापूर्वी कोणत्या कॉलेज किंवा विद्यापीठाच्या संघातून खेळलात. सुजय कुठूनच खेळला नव्हता. तो रकाना पाहून बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. जेवताना ते मध्येच थांबायचे आणि आई विचारायची, मीठ जास्त झालंय का. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले की चिंतामणशी बोललो आहे, तो काही तरी करून देईल. चिंतामणकाका बाबांचे शाळेपासूनचे मित्र, त्या कॉलेजच्या ऑफिसात, मार्चमध्ये निवृत्त व्हायचे. सुजयनं ऐकलं आणि पोळीचा तुकडा मोडला. अर्ज द्यायच्या आदल्या रात्री बाबांनी तो पुढे केला आणि बोट ठेवलं तिथे त्यानं सही केली. त्या घरात बाबांनी भरलेला कागद कोणी वाचत नसे. वाचणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

बाबा मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली बसले होते. कुठून तरी त्यांनी खुर्ची मिळवली होती. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. राऊपर्यंत ते स्कूटरवर मागे बसून आले होते आणि सबंध रस्ताभर ती फाइल त्यांनी दोघांच्या मध्ये धरली होती, त्यामुळे सुजयच्या पाठीला तिचा कोपरा टोचत होता. राजेंद्रनगर आलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं की मूळ प्रती मागितल्या तर काय. आणि मग स्वतःच उत्तर दिलं होतं की मूळ प्रतीही आणल्या आहेत.

"बाबा, त्यात गोलकीपर लिहिलंय," सुजय म्हणाला.

"हो ना. तीच जागा खाली होती." बाबांनी आवाज खाली आणला. "चिंतामणनं रजिस्टर काढून दाखवलं मला. बाकी सगळे नावं युनिव्हर्सिटीला गेलेले. दुसऱ्या गोलकीपरचं कॉलम तेवढं खाली, तीनही वर्षं. तिथं तुझं नाव बसलं. आता टीम म्हणजे टीम, त्यात काय?"

"पण मी गोलमध्ये नाही खेळत."

"अरे, एकदा आत तर शीर. आत गेल्यावर सगळं अ‍ॅडजस्ट होतं. मी पण भरती झालो तेव्हा डिस्पॅचमध्ये चिकटवायचं काम करत होतो. म्हणून काय जन्मभर डिंकच लावला का?"

सुजयनं हातमोजे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. बाबांच्या म्हणण्यात एक पक्केपणा होता आणि त्या पक्केपणापुढे तो लहानपणापासून असाच उभा राहायचा, शब्द तोंडात गोळा करून. पहिल्यांदा असं झालं ते हाताच्या बाबतीत. तो डावखुरा होता. डाव्या हातानं घास घेतला की बाबा पेनाच्या टोकानं मनगटावर हलकेच टिचकी मारायचे, रागावून नाही, चुकलेली बेरीज दुरुस्त करावी तसं. वर्षभरात हात दुरुस्त झाला. पायाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून पाय डावाच राहिला. मैदानावर डाव्या पायाखाली बॉल आला की सुजयला वाटायचं, हा आपला एकच अवयव आहे जो कोणी तपासून पाहिलेला नाही. पुढे वीस साली बारावी झाली तेव्हा सगळी कॉलेजं बंद होती. बंद कॉलेजात नाव घालून काय करायचं, असं बाबा म्हणाले आणि त्यांनी बी.कॉम.चा प्रायव्हेट फॉर्म भरला, काटछाट न करता. प्रायव्हेटवाला म्हणजे घरी बसून परीक्षा देणारा; त्याला कॉलेजचं दार वर्षातून एकदा उघडतं, पेपरापुरतं. हजेरी नाही, वर्ग नाही, आणि टीम तर नाहीच. सहा महिन्यांनी कॉलेजं उघडली. चिमणबागेतली त्याच्या बरोबरीची पोरं इंटर-कॉलेज खेळायला लागली, कोणी उज्जैनला गेलं, कोणी भोपाळला, येताना टीमचा ट्रॅकसूट घालूनच यायची. सुजय दुपारी औषधांची बिलं करायचा आणि सकाळी त्या ट्रॅकसूटवाल्यांना डाव्या बाजूनं चकवून जायचा. ते त्याला म्हणायचे, तू प्रायव्हेट सोड, रेग्युलर हो. तो हसण्यावारी न्यायचा. बाबांना हे सांगावं असं त्याला दोन-तीनदा वाटलं होतं. पण बाबांनी कधी विचारलं नाही की तू नेमका कुठे खेळतोस, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

ग्राउंड वनपाशी महूहून आलेला एक खराखुरा गोलकीपर भिंतीवर बॉल मारत होता. त्यानं सुजयला जागा करून दिली आणि बोलता बोलता सांगितलं की इथे फक्त खेळलेली मुलं आहेत, सर्टिफिकेटवाली. पलीकडे, पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानावर ओपनवाले, ज्यांचा तो रकाना रिकामा आहे ते. मुख्य कोच सकाळपासून तिकडेच बसले आहेत. खेळलेली पोरं त्यांनी टूर्नामेंटांत पाहून ठेवलेलीच आहेत, त्यांना कोणी न पाहिलेली हवी आहेत. म्हणून ओपनवाल्यांना अर्धा अर्धा तास देतात आणि ज्याला जिथे खेळायचं तिथे खेळू देतात. महूचा मुलगा हे तक्रारीच्या सुरात सांगत होता. त्याच्या मते हा अन्याय होता, तीन वर्षं घाम गाळून सर्टिफिकेट मिळवायचं आणि भाव त्या गल्लीतल्या पोरांना. सुजय ऐकत होता. त्याला हसू येईल असं वाटलं आणि आलं नाही. टाकीकडच्या मैदानावरून शिट्टी ऐकू येत होती, आणि एक लाल टी-शर्टवाला मुलगा डाव्या रेषेवरून चुकीच्या पायानं बॉल ढकलत नेताना दिसत होता. तो चुकीचाच पाय होता. इतक्या लांबूनही सुजयला ते दिसत होतं, आणि त्याचा स्वतःचा डावा पाय बुटात आपोआप वळत होता.

मग त्याचं नाव पुकारलं आणि तो गोलमध्ये जाऊन उभा राहिला. बाहेरून गोल लहान दिसतो. त्यानं आयुष्यभर बाहेरूनच पाहिला होता, आणि नेहमी त्याला वाटायचं की इतक्या अरुंद जागेत बॉल घालायचा तरी कसा. आतून तो एखाद्या कापडाच्या दुकानाच्या शटरएवढा होता आणि सुजयला तो एकट्यानं झाकायचा होता. खेळ सुरू झाला तसा सगळा त्याच्यापासून लांब गेला. वीस माणसं धावत होती आणि तो थांबला होता. धावणाऱ्या माणसाला विचार येत नाहीत हे त्याला आजच कळलं, कारण आज ते सगळे एकदम आले. त्याला वाटलं, आत्ता जाऊन सांगावं. त्याला वाटलं, काय सांगणार, कागद खोटा आहे? मग चिंतामणकाकांच्या ऑफिसात फोन जाईल, काका नाकावरचा चष्मा वर करतील, आणि मार्चची त्यांची निवृत्ती कोणाच्या तरी टेबलावर अडकेल. चिंतामणकाकांनी त्याला लहानपणी सायकल शिकवली होती. आणि बाबा. बाबांनी उभ्या नोकरीत एक खोटा कागद केला नव्हता. सख्ख्या बहिणीच्या मुलाची जन्मतारीख बदलून द्या म्हणून आत्या घरी येऊन रडली होती, बाबांनी दिली नाही. आत्या सहा वर्षं बोलली नाही, राखी पोस्टानंसुद्धा आली नाही. त्या माणसानं हा एक कागद केला. केला तोही असा, की ज्याच्यासाठी केला त्याचीच वाट त्यानं बंद झाली. राग कोणावर धरायचा हे सुजयला कळेना. बाबांवर धरावा तर ते शेडखाली फाइल सांभाळून बसलेले दिसत होते, आणि उन्हाचा पट्टा त्यांच्या चपलांपर्यंत आला तरी त्यांनी खुर्ची हलवली नव्हती.

पहिला गोल त्याच्या अंगाखालून गेला. तो पडला वेळेवर, पण हात कुठे न्यायचे हे हातांना माहीत नव्हतं. उजवा आधी गेला, दुरुस्त केलेला हात, आणि बॉल डावीकडून जाळीत जाऊन शांत बसला. पुढचा बचावपटू वळून पाहत म्हणाला, क्या भिया, कॉलेज में यही करते थे? त्याच्या बोलण्यात फार राग नव्हता. दुसरा बॉल सुजयच्या छातीवर आदळून बाहेर गेला आणि कोणी तरी टाळी वाजवली. त्यानं पाहिलं तर ते बाबा होते. शेडखालून उठून, पाण्याची बाटली आणि फाइल घेऊन, ते मैदानाच्या कडेकडेनं गोलच्या मागे येऊन उभे राहिले होते. एवढी वर्षं सुजय सकाळी मैदानावर जायचा आणि बाबा गॅलरीत पेपर वाचायचे. खेळताना त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "शाबास," ते जाळीतून म्हणाले. "पाणी पिऊन घे." सुजयनं मान हलवली. छाती दुखत होती. आपल्याला इथून उचलून कोणी तरी घरी नेऊन ठेवावं असं त्याला अगदी लहान मुलासारखं वाटलं.

आणि मग ते झालं, ज्यात त्याचा काही विचार नव्हता. मधल्या फळीतून कोणी तरी बॉल मागे ढकलला, फार जोरात, आणि समोरचे दोघं त्यावर धावून आले. आपल्याच माणसानं पायानं मागे दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही एवढं त्याला माहीत होतं. तो पुढे गेला, पहिल्याला अंग झुकवून डावीकडे काढलं, दुसऱ्याच्या पायांमधून बॉल पुढे सरकवला, आणि मान वर न करताच डाव्या पायानं मारला. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून लांबवर गेला, पलीकडे डाव्या रेषेवर एकटा धावणाऱ्या मुलाच्या पुढ्यात उतरला, तिथे जिथे सुजय स्वतः असता तर त्याला हवा असता.  त्या क्षणी तो सुखी होता, हे सांगायलाच हवं. हातात हातमोजे असून, गोल उघडा पडलेला असून, तो पुरता सुखी होता. मग तो धावत मागे आला. आणि पाहिलं तर टाकीकडच्या मैदानावरून पांढरी टोपी घातलेला, एका पायानं जरा लंगडणारा माणूस इकडे चालत येत होता. मुख्य कोच. गोलच्या मागे फिरणाऱ्या मुलांनी त्यांना वाट करून दिली. खेळ चालूच होता. कोच गोलच्या खांबापाशी येऊन उभे राहिले, बाबांच्या शेजारी.

"ये पैर कीपर का नहीं है," ते म्हणाले. "सच बता, कहाँ खेलता है?"

सुजयनं तोंड उघडलं. त्याच्या आधी बाबा बोलले. बाबांनी फाइल उघडलीच होती, बोट बरोबर त्या ओळीखाली ठेवलं होतं, आणि त्यांच्या आवाजात तोच अदबशीर सूर होता जो घरी कोणी अधिकारी आला की लागायचा. सर, हे तीन वर्षं कॉलेजला खेळलेले आहेत, असं ते हिंदीत म्हणाले. मुलाला त्यांनी अहोजाहो केलं. कोचनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबूजी, कागज़ रहने दीजिए, लड़के को बोलने दीजिए." ते सुजयकडे वळले. "उधर लेफ्ट में एक का पाँव मुड़ गया है. पंद्रह मिनट बचे हैं. ये दस्ताने उतार और बोल, कहाँ खेलता है?"

शब्द तयार होते. दोनच शब्द, लेफ्ट विंग, ते त्याच्या जिभेवर येऊन बसले होते, आणि पंधरा मिनिटं पुष्कळ होती. चिमणबागेत तो पाच मिनिटांत पोरांना रडवायचा. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा घाबरले असते तर तो बोलला असता. भीती त्याला समजली असती, तिच्यावरून त्याला पाऊल टाकता आलं असतं. पण बाबा घाबरले नव्हते. ते त्याच्याकडे विश्वासानं पाहत होते, साहेबानं प्रश्न विचारला की ज्या विश्वासानं ते आपल्या हाताखालच्या माणसाकडे पाहत असतील तसं: फाइलमध्ये आहे तेच सांग. बोट ओळीखालून हललं नव्हतं. बोटाच्या पेरावर निळ्या शाईचा डाग होता. ते दोन शब्द उच्चारायचे म्हणजे परक्या माणसासमोर, त्यांच्या तोंडावर, हा माणूस खोटा कागद घेऊन उभा आहे असं म्हणायचं. ज्यानं बहिणीला दिला नाही तो कागद यानं मला दिला, आणि मी त्याला इथे उघडा पाडतो. सुजयनं आपल्या परीनं प्रयत्न केला. त्यानं खरोखर श्वास आत घेतला.

"कीपर ही हूँ, सर," तो म्हणाला.

कोचनी एकदा त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं, किंवा नसेलही. सकाळपासून त्यांनी शंभर पोरं पाहिली होती. "ठीक है," ते म्हणाले, आणि लंगडत परत निघाले. टाकीजवळ पोचल्यावर त्यांनी कोणाला तरी बोट केलं आणि एक बुटका मुलगा, मोठ्या मापाचा शर्ट घातलेला, डाव्या रेषेकडे धावत गेला. सुजय पाहत होता म्हणून तिसरा गोल त्याला दिसलाच नाही. जाळी हलल्याचा आवाज झाला तेव्हा तो वळला. बचावपटूनं या वेळी नुसता बॉल काढून घेतला. नंतरची दहा मिनिटं सुजय शहाण्यासारखा उभा राहिला, हात पसरले, पडला, उठला, आणि शिट्टी वाजली तेव्हा हातमोजे नीट जोडून टेबलामागच्या माणसाला परत दिले. निवड झाली तर फोन येईल, असं त्या माणसानं सगळ्यांना सांगितलं तसंच त्यालाही सांगितलं. बाबांनी पुढे होऊन विचारलं की फोन नंबर दोन्ही लिहिले आहेत ना, घरचा आणि ह्याचा. माणसानं अर्ज पाहून सांगितलं की लिहिले आहेत, बहुत साफ लिखा है आपने. बाबांना बरं वाटलेलं दिसलं.

स्कूटर गेटापलीकडे कडुलिंबाखाली लावली होती. तिथपर्यंत दोघं चालत गेले. टाकीकडच्या मैदानावर अजून खेळ चालू होता आणि सुजयनं ठरवून तिकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही तरी पायांचे आवाज ऐकू येत होते. बाबा फाइलचे बंद बांधत चालत होते. पक्कं बोललास ते बरं झालं, असं ते म्हणाले. साहेब लोक असे फिरवून फिरवून विचारतात, माणूस दोन तोंडांनी बोलला की गेला, मग कागद कितीही पक्का असो. आपल्या खात्यात एका चांगल्या माणसाचं प्रमोशन असंच गेलं होतं. त्या माणसाची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली, त्याच्या बदलीसकट. सुजय हं म्हणत राहिला.  त्याला बाबांचा हात धरून त्यांना हलवावं असं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पाठीमागे लागलेली धूळ झटकावी असंही वाटलं. त्यानं धूळ झटकली.

"पहिल्यांदाच पाहिलं तुला खेळताना," बाबा म्हणाले. ते थांबले होते, सुजय चावी काढायची वाट पाहत. "इतके वर्षं सकाळी सकाळी जायचा तर मला वाटायचं, पोरगा टाइमपास करून राहिला. पण तू तर चांगला खेळतो रे."

सुजयनं चावी फिरवली. स्कूटर सुरू व्हायला दोनदा किक मारावी लागली.

"आवडलं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"हो तर." बाबा मागे बसले, फाइल मध्ये धरली, आणि एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "पुढच्या वेळी आईला पण आणू."

"हो, आणू," सुजय म्हणाला, आणि त्यानं गाडी रस्त्यावर काढली.